रामकिसनची शिटी

२४ जुलै २००५, अंबड

श्रीपती पहाटेच्या एसटीने औरंगाबादला गेला. तिथून मुंबई, मग जर्मनी. ताईच्या या मुलाला आजोबांचं नाव ठेवलं तेव्हा मी कुरकुर केली होती की शाळेत पोरं चिडवतील. तिकडे जर्मन लोक त्याला काय हाक मारतात देव जाणे. पण पोरगं गुणाचं निघालं. मामासाठी तो जे ठेवून गेलाय, त्याच्यापुढे मी सकाळपासून माडीवर बसून आहे. सगळी हयात कोर्टात घालवून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाला हे शोभत नाही, पण बघायला आहे कोण?

वस्तू अशी आहे. वाफेचं इंजिन, तळहातावर मावणारं. खेळणं म्हणायला जीभ रेटत नाही. मागे कोळशाचा डबा आणि त्याच्या पोटात चिंचोक्याएवढी एक चिप. तिला डीकोडर म्हणतात. फळीवर गोल ठोकलेल्या रुळांमधून हातातला कंट्रोलर जो हुकूम धाडतो तो ती वाचते, त्याप्रमाणे चाकं फिरवते आणि रुपयाएवढ्या स्पीकरमधून आवाज काढते. अशी इंजिनं जर्मनीत दुकानात मिळतात म्हणे, पण त्यांच्यात तिकडच्या इंजिनांचे आवाज भरलेले असतात. यात आपल्या जालन्याचा आहे.

मीटरगेजवरची वाफेची इंजिनं जाणार अशी बोलवा झाली, तेव्हा मी टेपरेकॉर्डर घेऊन जालना स्टेशनात जाऊन उभा राहिलो होतो. अंबडला रेल्वे नाही, म्हणूनच की काय, मला लहानपणापासून तिचं वेड. त्या दिवशी इंजिनावर रामकिसन होता. शिटीची दोरी सगळेच ड्रायव्हर ओढायचे, पण प्रत्येकाचा हात वेगळा. रामकिसनची शिटी आधी जराशी कण्हायची, मग सरळ वर चढायची आणि सुटताना मध्येच तुटायची. ती कॅसेट मी वर्षानुवर्षं ऐकली. पुढे तिला बुरशी लागली. श्रीपतीने त्याआधी ती आपल्या कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली होती, तिथून या चिपमध्ये उतरवली, आणि गेल्या हिवाळ्यात तो कॉम्प्युटरही बसला. आता तो आवाज जगात या एका चिंचोक्यात उरला आहे.

संध्याकाळी लावलं. आधी वाफेचा सुस्कारा, मग सावकाश भक्‌ भक्‌, आणि मग शिटी. अंगावर सरसरून काटा आला. कोळसा नाही, पाणी नाही, आग नाही, आणि तरी आख्खं इंजिन समोर येऊन उभं! एवढ्याशा जागेत ते राहतं तरी कसं? मी चक्क हात जोडले.

श्रीपतीने आवाज मध्यावर ठेवला होता, मी पूर्ण केला. आमच्याकडे धुणंभांडी करणारी साळूबाई कानांवर हात ठेवून खाली पळाली. तारा पिठाच्या हातांनीच वर आली आणि दारात उभी राहिली. बायकोला माझ्या या नादाचं कौतुक कधीच नव्हतं. चहा निवला हे सांगायला आली असणार. गाडी थांबली तशी खाली गेली.

२१ ऑगस्ट

रामकिसन आला होता. त्याचा मुलगा अंकुशनगरला साखर कारखान्यात आहे, म्हातारा त्याच्याकडेच असतो आणि बाजाराच्या निमित्ताने अंबडला चक्कर मारतो. त्याला काहीच सांगितलं नाही. माडीवर नेलं, खुर्चीत बसवलं आणि इंजिन सोडलं.

शिटी झाली तसा तो उठून उभा राहिला.

"साहेब, हे तर मी हाये."

"ओळखलंस?"

"वळखणार न्हाई तर काय! पर असं कधी ऐकलंच नव्हतं. मंग मी असा वाजत होतो व्हय?"

पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा देवळात आल्यासारखा. मलाही तसंच भरून आलं. माणूस जिवंत समोर उभा आहे आणि त्याच्या हाताचा जोर, त्याची सवय, त्याची एक जुनी सकाळ त्या डब्यातून वाजते आहे. विज्ञान म्हणा, काही म्हणा, माझी मती गुंग होते.

तारा चहा घेऊन आली होती. म्हणाली, "परतूरच्या सिग्नलला गाडी थांबली ना, की अश्शीच." तिचं माहेर परतूर, घर रुळांच्या पलीकडेच. बायकांना माहेरचं काहीही आठवतं.

१३ ऑक्टोबर

शिटी गेली.

फिर्याद नीट लिहून ठेवतो. परवा खंडेनवमी. तारा दरवर्षी घरातली सगळी हत्यारं-अवजारं पाटावर मांडून पुजते. विळी, कोयता, तिचं शिवणयंत्र, माझी सायकल, गेल्या वर्षीपासून इन्व्हर्टरसुद्धा. यंदा तिने इंजिन मांडलं. त्याला हळद, कुंकू, अक्षता वाहिल्या, झेंडूचं फूल ठेवलं आणि फुलाने पाणी शिंपडलं. मीही नमस्कार केला, हे कबूल केलं पाहिजे. काल दसऱ्याच्या गडबडीत माडीवर गेलो नाही. आज लावलं तर भक्‌भक्‌ आहे, पण वाफेचा सुस्कारा नाही, आणि शिटी भिंतीपलीकडून कोणी वाजवावी तशी. दुसऱ्यांदा लावलं तर तेवढीही नाही.

ताराला विचारलं, "तुला येते ऐकू?"

"येते की."

हिला आरोपाची कुणकुण लागली असावी. आरोपीचं स्वतःच्या बचावातलं म्हणणं कोर्ट किती धरतं ते मी आयुष्यभर पाहिलं आहे.

२३ ऑक्टोबर

नेट कॅफेतून श्रीपतीला ईमेल केला होता. त्याचं लांबलचक उत्तर आलं, ते छापून आणलं. चाकं आणि रूळ स्पिरिटने पुसा. आवाज बंद करण्याचं बटण चुकून दाबलं गेलंय का पाहा. आवाजाचा आकडा तपासा. शेवटी स्पीकरच्या तारा बघा, पण वीज चालू असताना त्यांना हात लावू नका, तार इंजिनाच्या अंगाला टेकली तर चिपमधला आवाज कायमचा जाईल.

एकेकाला पिंजऱ्यात उभं केलं. चाकांवर काळं किटण होतं, काढलं. बटण निर्दोष. आकडा पूर्णावर. तरी शिटी नाही. नवल असं की जाड आवाज शाबूत आहेत. फळीवर तळहात ठेवला की भक्‌भक्‌ बराबर हाताला लागते. गेलंय ते बारीक तेवढंच. बिघाड एवढा निवडून कसा होतो? आवाजांनाही वयं असतात का, आणि बारीक आधी म्हातारे होतात? दुपारभर हाच विचार करत होतो आणि खरं सांगायचं तर घाबरलो होतो. तो आवाज माझ्याकडे सोपवलेला आहे आणि माझ्या हातून तो निसटतो आहे.

साळूबाई वर येऊन हातवारे करायला लागली. जवळ बोलावलं तेव्हा कळलं. "काका, लई जोरात वाजून राह्यलं. शेजारचे बोंबलतेत."

ती भक्‌भक्‌बद्दल बोलत असणार. तिला इंजिनातलं काय कळतं.

३० ऑक्टोबर

दिवाळी तोंडावर आली आणि लोडशेडिंग काही संपत नाही. श्रीपतीचा फोन आला होता. जर्मनीची लाईन हल्ली फार वाईट झाली आहे, निम्मं तुटतं. शेवटी ताराकडे दिला, ती मात्र बराच वेळ बोलत बसली. बायकांना तुटकी लाईनही चालते.

यंदा रातकिडे नाहीत. पाऊस उशिरा गेला म्हणून असेल. परसात अगदी सामसूम.

रामकिसन येऊन गेला. त्याचं वाईट वाटतं. बिचारा हल्ली ओरडून ओरडून बोलतो. जन्मभर भट्टीशेजारी उभं राहून ड्रायव्हर लोकांचे कान जातात, हे ऐकून होतो, आता डोळ्यांनी पाहिलं. इंजिन लावलं तर म्हणतो, "बराबर वाजून राह्यली की साहेब! काय झालं तिला?" बहिऱ्याची साक्ष कशी घ्यायची? वर माझं मन राखायलाही तो असं म्हणणारच. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. तो माझ्याकडे विचित्र नजरेने पाहत राहिला.

५ नोव्हेंबर

भाऊबीज काल झाली. आज निकाल दिला.

सगळं तपासून झालं आहे. उरलं ते एकच. कोळशाच्या डब्याला वरून फटी आहेत, त्यातून हळदकुंकू आणि पाणी आत गेलं आणि स्पीकरच्या पडद्यावर बसलं. पडदा जड झाला की बारीक आवाज आधी जाणार, हे शाळकरी पोरालाही कळेल. मी ताराला समोर बसवून हे सांगितलं. शांतपणे सांगायचं ठरवलं होतं. पण बोलता बोलता आवाज चढला. म्हटलं, "तुझ्या पूजेनं माझं इंजिन मारलं. जगात दुसरं नाही ते. आता भरून देणार आहेस का?"

ती काहीतरी म्हणाली. हल्ली ती पुटपुटते, तोंडातल्या तोंडात. मी म्हटलं, "स्पष्ट बोल." मग तिने मान खाली घातली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मला वाटलं होतं भांडेल. चांगली खमकी बाई आहे, तिने भांडायला हवं होतं.

१४ नोव्हेंबर

इंजिन लावलं की तारा दारात येऊन उभी राहायची, ते तिने बंद केलं. एका परीने बरं झालं, कामात लक्ष लागतं. घर मात्र फार शांत वाटतं.

आज कुकर करपला. ती शेजारी गिरिजाबाईंकडे गेली होती आणि शिट्ट्या मोजायचं काम मला देऊन गेली होती. मी ओट्याजवळच खुर्ची टाकून पेपर वाचत होतो. एकही शिटी झाली नाही. नंतर धूर दिसला. रबराची रिंग गेली असणार, बाजारातून नवी आणतो. तिने करपलेली डाळ टाकली, मला बोलली नाही. जालन्याला डॉक्टरकडे जाऊन येऊ, असं काहीतरी मात्र म्हणाली. माझी साखर उत्तम आहे, गेल्याच महिन्यात तपासली. मी नाही म्हटलं.

आतून एक विचार येतो तो लिहून ठेवतो. या घरात शिटी नावाच्या गोष्टीनेच माझ्याशी वैर धरलंय की काय?

२७ नोव्हेंबर

आज जे झालं ते जसं झालं तसं लिहितो.

सकाळी इंजिन उघडायचं ठरवलं. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून तारांना डाग द्यायची सोल्डरिंगची इस्त्री आणली, जालन्याहून मागवलेला नवा स्पीकर होता. रामकिसन आलेला, तो शेजारी बसला. मी भिंग लावून कोळशाच्या डब्याचं झाकण काढलं. आत काय लख्ख दुनिया होती! केसाहून बारीक तांबड्या-निळ्या तारा, चिपवर मुंगीच्या पायांसारखे पाय, कुठे गुंता नाही, कुठे धूळ नाही. आणि कुंकवाचा कणही नव्हता. मी बराच वेळ पाहत राहिलो. मग म्हटलं, ओल गेली असेल, ओल काही दिसत नाही. निकाल एकदा दिला की पुरावा त्याला जुळवून घ्यायचा, ही खालच्या कोर्टाची खोड मला कधी लागली कोण जाणे.

जुना स्पीकर काढला, नवा जोडला. डाग पक्के बसलेत का ते पाहायला वीज चालू केली आणि चिमट्यातून तार सुटली. डब्याच्या काठाला टेकली. एवढीशी ठिणगी. जळका वास आला. तार चटकन उचलून बसवली, झाकण लावलं, गाडी सोडली. गाडी धावली! फळीवर हात ठेवला, हाताला थरथर लागली. शिटी अजून नव्हतीच, पण बिघडलंही काही नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकला आणि ताराला हाक मारली. म्हटलं बघून जा, चालू आहे.

ती इतक्या दिवसांनी वर आली. दारात उभी राहिली. गाडी एक फेरी फिरली, दुसरी फिरली. मी शिटीचं बटण दाबलं, पुन्हा दाबलं. रामकिसन माझ्याकडे पाहीना, खाली पाहायला लागला. आणि ताराच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"काय झालं?" मी म्हटलं. "शिटी दीड महिना नाहीच आहे. आज काय रडायचं?"

तिचे ओठ हलले. मी म्हटलं, मोठ्याने. ती जवळ आली, दोन्ही हातांनी माझे खांदे धरले आणि तोंड कानाशी आणलं.

"अहो, सकाळपर्यंत वाजत होती. काल वाजली, परवा वाजली. दसऱ्यापासून रोज वाजली. आत्ता गेली."

कोर्टात खोटं रडणारे मी पुष्कळ पाहिले. ते रडं कसं असतं मला ठाऊक आहे. हे तसं नव्हतं. मी रामकिसनकडे पाहिलं. त्याने मान हलवली आणि प्रत्येक शब्द सुटा करून म्हणाला, "साहेब, आवाज पुरा बंद झाला. आत्ताच. भक्‌भक्‌ बी न्हाई."

माझा हात अजून फळीवर होता आणि हाताला थरथर लागतच होती. ती नुसत्या चाकांची होती.

मग एकेक गोष्ट आपली आपण येऊन समोर उभी राहिली. फोनची लाईन. रातकिडे. कुकर. रामकिसनचं ओरडणं. ताराचं पुटपुटणं. तीन साक्षीदार पहिल्यापासून एकच सांगत होते आणि मी तिघांना खोटं ठरवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोर न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसला होता. आणि फाशी नुसती सुनावली नाही, आज स्वतःच्या हाताने दिली. जगातली ती एकच शिटी चांगली धडधाकट होती, मी तिला दुरुस्त करायला गेलो.

५ डिसेंबर

जालन्याला जाऊन आलो. डॉक्टरीणबाई तरुण आहे, मला काका म्हणते. एका बंद खोलीत बसवून कानाला टोप्या लावल्या आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाली. पुष्कळ वेळ काही आलंच नाही. मी म्हटलं, मशीन सुरू करा. काचेपलीकडे ती हसली नाही, तेव्हा समजलो.

नंतर तिने आलेख दाखवला. जाड आवाजांपाशी रेघ सरळ, बारीक आवाजांकडे गेली की घाट उतरते. मग कागदावर चित्र काढून, मोठ्याने आणि सावकाश, कान समजावला. आत एक शंख असतो, वाटाण्याएवढा. त्याच्या आतून बारीक केसांच्या रांगा. प्रत्येक जागेचा सूर ठरलेला. बारीक सुरांचे केस शंखाच्या तोंडाशी, जाड सुरांचे आत खोल. सगळे आवाज तोंडावरूनच आत जातात, म्हणून तिथले केस आधी झिजतात. "आणि ते परत येत नाहीत, काका."

मला दुःख व्हायला हवं होतं. झालंही. पण त्याआधी थक्कच झालो. जुलैपासून मी त्या चिपपुढे हात जोडतो आहे आणि तिच्याहून अजब कारागिरी जन्मापासून माझ्या कानात होती, तिला कधी नमस्कार केला नाही. आईची पहिली हाक त्या शंखातून गेली असेल. रामकिसनची शिटीही.

परतीच्या एसटीत ताराला म्हटलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

ती कानाशी येऊन म्हणाली, "गौरी-गणपतीपासून. सांगत होते, पण तुम्ही ऐकून घेऊन राह्यलात का?" आणि स्वतःच हसली. मला मात्र हसू आलं नाही.

१८ डिसेंबर

कानाचं मशीन आलं. लावल्याबरोबर दचकलो. ही लेखणी कागदावर आवाज करते! ताराच्या बांगड्या, माझ्याच चपला, पिंपळाची पानं. सगळं थोडं पत्र्यासारखं येतं, पण येतं. साळूबाईने भांडी आपटली तेव्हा मी तिला हात जोडले. ती म्हणाली, "काका, बरं हाय ना तुमाला?"

दुपारी ताराची माफी मागितली. नुसती "चुकलं" अशी नाही. पूजेवर जे बोललो ते शब्द उच्चारून मागितली. ती गहू निवडत होती. म्हणाली, "मला कुंकवाचं नाही लागलं. तुम्ही आवाज चढवलात त्याचंही नाही. ते लावलं की मी ऐकायला यायचे. तुम्ही असं बोलल्यावर यायची लाज वाटायला लागली. जिन्यात बसून ऐकायचे मग."

मला वाटायचं ती चहाचं सांगायला येते.

"आता तरी टीव्ही हळू लावा," ती म्हणाली. "गल्लीला बातम्या पाठ झाल्यात."

संध्याकाळी माडीवर जाऊन इंजिन सोडलं. ते मुक्याने गोल गोल फिरलं. मला आता ऐकू येतं आणि ऐकायला काही उरलं नाही. श्रीपतीचं पत्रही आलं आहे. जुनी डिस्क त्याने माहीतगारांना दाखवली, काही निघालं नाही. नवी चिप पाठवतो म्हणतो, जर्मन शिटीची. नको म्हणून कळवलं.

८ जानेवारी २००६

आजचं लिहायला शब्द पुरतील की नाही शंका आहे.

रामकिसन आला. त्या दिवसानंतर प्रथमच. मला त्याच्याकडे पाहवेना. त्याची शिटी मी मारली. तोच म्हणाला, "साहेब, जाऊ द्या. वस्तू हाये."

मी म्हटलं, "रामकिसन, तू तोंडाने काढून दाखव ना. माझे कान उघडे आहेत आता."

त्याने प्रयत्न केला. पहिल्यांदा खोकला आला, दुसऱ्यांदा नुसता वारा. हताश होऊन म्हणाला, "न्हाई जमत. शिटी बाहेरच्याला ऐकू येती साहेब. आमाला आत निस्ती भट्टी. दोरी किती वढायची ते हाताला ठावं हाये, पर वाजायची कशी ते म्या तुमच्या इथंच ऐकलं. आता त्ये बी इसरून चाललो."

तारा चहा घेऊन आली होती. तिने ट्रे खाली ठेवला, दोघांकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "सोडा गाडी."

"आवाज नाही तिला."

"सोडा तर."

सोडली. चाकं फिरायच्या आधी ताराने दातांतून वाफ काढली. तो सुस्कारा. मग पहिलं चाक हललं तसा तिच्या छातीतून पहिला भक्‌ आला, मग दुसरा, आणि गाडी वेग घेईल तसे एकातून एक सुटत गेले. डोळे गाडीवर. साठीची बाई, पदर खोचलेला, हात कमरेवर. मी कंट्रोलर धरून होतो ते विसरलोच. रामकिसनचा उजवा हात आपोआप वर गेला, हवेत मूठ वळली आणि त्याने ओढली.

आणि शिटी झाली.

आधी कण्हली. मग सरळ वर चढली, माडीभर, परसभर, मशीनमधून माझ्या कानात आणि तिथून कुठे कुठे. आणि त्याने मूठ सोडली तशी मध्येच तुटली, त्याचीच, जशीच्या तशी. खाली साळूबाईच्या हातातलं काम थांबलेलं मला ऐकू आलं. रामकिसन रडत होता. मीही.

ताराने श्वास घेतला, पदराने तोंड पुसलं आणि चहा गाळायचा राहिल्यासारखी ट्रेकडे वळली. मी विचारलं, "हे कुठे शिकलीस?" लग्नाला इतकी वर्षं झाली आणि माझ्या तोंडून असा प्रश्न आज पहिल्यांदा निघाला.

"शिकायचं काय त्यात? परतूरला आम्ही बहिणी ओसरीवर गाडी-गाडी खेळायचो," ती म्हणाली. "कोणी डबा व्हायचं, कोणी गार्ड व्हायचं. शिटी माझ्याकडे असायची."